साठीनंतरची पहिली पायी वारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आषाढी वारीला पहिल्यांदाच पायी निघणाऱ्या साठीपुढच्या मंडळींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही माहिती आहे. उदाहरणं आळंदी ते पंढरपूर मार्गाची दिली आहेत. देहूहून तुकोबारायांच्या पालखीबरोबर जाणाऱ्यांनाही तयारी हीच लागते, मुक्कामाची गावं तेवढी वेगळी.

वय ६८ आहे. आजवर एवढं कधी चाललो नाही. जमेल का?

चालणं बहुतेकांना जमतं. माणूस अडतो तो बाकीच्या गोष्टींवर: पहाटे साडेतीनला उठणं, उघड्यावर गार पाण्याची आंघोळ, शौचाला रांग, जमिनीवरची झोप, पावसात ओली झालेली वळकटी, आणि हे सगळं सलग १८-२० दिवस. एकूण अंतर २५० किलोमीटरच्या आसपास आहे आणि रोजचा टप्पा साधारण १२ ते २० किलोमीटरचा. त्यामुळे तयारी करताना नुसते किलोमीटर मोजून भागत नाही, वारीच्या दिनक्रमाची सवय करावी लागते.

घरच्या घरी तीन गोष्टी तपासा. जमिनीवर मांडी घालून बसल्यावर कुणी हात न देता उठता येतं का? ५ किलोमीटर चालल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढंच परत चालवतं का? दोन जिने चढल्यावर बोलता येतं का, की छातीत जड होऊन थांबावं लागतं? पहिल्या दोन गोष्टी सरावाने सुधारतात. तिसऱ्यात गडबड असेल तर आधी डॉक्टर, मग दिंडीचा विचार.

तयारी किती आधी सुरू करायची?

१४ आठवडे. माउलींच्या पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला असतं, तुकोबांचं सप्तमीला. इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते: २०२३ ची आषाढी २९ जूनला होती, २०२४ ची १७ जुलैला. पंचांगात तिथी बघून मागे मोजा.

पहिले तीन आठवडे आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास चाला. चौथ्यापासून आठव्यापर्यंत दर आठवड्याला त्यात दहा मिनिटांची भर घाला आणि एक दिवस ७-८ किलोमीटरचा ठेवा. नवव्यापासून तेराव्यापर्यंत खरी तयारी होते. त्या काळात लागोपाठ दोन दिवस लांब चालायचं, आधी १०-१०, मग १२-१२, शेवटी १५-१५ किलोमीटर. एकाच दिवशी २० किलोमीटर चालून नंतर चार दिवस आराम करण्याचा उपयोग नाही. वारीत दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनीच उठायचं असतं, सराव त्याचा हवा. शेवटच्या आठवड्यात चालणं निम्मं करा. ऐनवेळी जोर लावणाऱ्यांच्या टाचा आणि पोटऱ्या प्रस्थानाआधीच धरतात.

बागेतल्या मातीच्या वाटेवर चालू नका, डांबरी रस्त्यावर चाला. तीच चप्पल, तीच पिशवी, पिशवीत तेवढंच वजन. शेवटच्या तीन आठवड्यांत आठवड्यातून दोन-तीनदा सकाळी नऊ-दहाच्या उन्हातही थोडं चालावं. उन्हाला सरावायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात.

आणखी एक सराव जवळजवळ कुणीच करत नाही, तो म्हणजे उभं राहण्याचा. दिंडी एका लयीत चालत नाही. चालते, थांबते, अभंग संपेपर्यंत उभी राहते, पुन्हा चालते. १५ किलोमीटरच्या टप्प्यात दोन-तीन तास नुसते उभे राहण्यात जातात, आणि कंबर चालण्यापेक्षा त्यानेच जास्त धरते. रोज वीस मिनिटं उभं राहून काहीतरी करा, टाळ वाजवा, भाजी निवडा. टाचा वर उचलून खाली टेकवणं १५-१५ वेळा आणि हात न टेकता खुर्चीतून उठणं १०-१० वेळा, एवढा व्यायाम पुरेसा आहे.

डॉक्टरांकडे कधी जायचं आणि काय विचारायचं?

निघण्याआधी आठ-दहा आठवडे, म्हणजे औषध बदललं तर ते मानवतंय का हे कळायला वेळ राहतो. बीपी, तीन महिन्यांच्या सरासरीची साखर, ईसीजी आणि डॉक्टरांनी सांगितलं तर स्ट्रेस टेस्ट (चालत्या पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी) एवढ्या तपासण्या कराव्यात. गेल्या दहा वर्षांत धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर घेऊन टाका. गेल्या काही महिन्यांत हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, मोतीबिंदूचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, तर त्याच डॉक्टरांची परवानगी लागते. शेजारच्यांची चालत नाही.

हे प्रश्न कागदावर लिहून न्या:
- लघवीची गोळी चालू आहे, घाम जास्त जाईल. डोस तोच ठेवायचा का?
- बीपीची गोळी किती वाजता घ्यायची? (चक्कर येऊन पडणाऱ्यांत पहाटे उपाशीपोटी गोळी घेऊन लगेच चालायला लागलेले बरेच असतात.)
- सांधे दुखले तर कोणती गोळी चालेल आणि कोणती अजिबात नको?
- दिवसाला पाणी किती? हृदय किंवा किडनीच्या रुग्णांना मर्यादा असते, त्यांनी ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सरसकट पाळू नये.

औषधं दिवसांच्या हिशोबाने मोजून वर पाच दिवसांची जास्त घ्या. निम्मी खांद्यावरच्या पिशवीत, निम्मी ट्रकमधल्या सामानात. गोळ्या पाकिटातून काढून डबीत भरू नका, दवाखान्यात नाव वाचता आलं पाहिजे.

मधुमेह आहे. वारी करता येते का?

करता येते, पण तीन पथ्यं काटेकोर पाळावी लागतात.

पहिलं साखरेचं. रोज १५ किलोमीटर चालल्यावर तेवढ्याच गोळ्यांनी किंवा इन्शुलिनने साखर खाली घसरू शकते. हात थरथरणं, घाम फुटणं, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी आली की जागच्या जागी बसा आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच. बरं वाटल्यावर भाकरी किंवा बिस्किटं खा, नाहीतर साखर परत उतरते. ग्लुकोजची पुडी हाताला लागेल अशा खिशात ठेवा आणि बरोबरच्याला ती दाखवून ठेवा. ‘चालेन अजून थोडं’ म्हणायची ही वेळ नव्हे.

दुसरं इन्शुलिनचं. उघडलेली बाटली किंवा पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं, पण ताडपत्रीखालच्या ट्रकमध्ये दुपारी त्याहून जास्त तापतं. ते पिशवीतच ठेवा, ओल्या सुती कापडात गुंडाळलेल्या छोट्या डब्यात. चालण्याआधी मांडीत टोचू नका. चालणाऱ्या स्नायूजवळून ते लवकर शोषलं जातं, पोटावर घ्या.

तिसरं पायांचं. अनवाणी एक पाऊलही नाही, मुक्कामाच्या ठिकाणीसुद्धा नाही आणि नवस असला तरी नाही. बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही. रोज संध्याकाळी तळवे आणि बोटांच्या बेचक्या आरशात बघा किंवा दुसऱ्याला बघायला सांगा.

पायात काय घालायचं?

या प्रश्नावर दर दिंडीत दोन तट पडतात. आमचं मत: मागे पट्टा असलेली जाड तळव्याची सँडल मुख्य आणि हलके बूट दुसरे. बूट एकदा भिजला की दोन दिवस वाळत नाही, ओल्या मोज्यात कातडी पांढरी पडून मऊ होते आणि मग सोलवटते. सँडल तासाभरात कोरडी होते. साधी रबरी चप्पल मात्र लांब चालायला वाईट. ती पायातून निसटू नये म्हणून बोटं दिवसभर आवळलेली राहतात आणि संध्याकाळी पोटरीत गोळे येतात.

खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय सुजलेला असतो. पुढे अंगठाभर जागा हवी. निघण्याआधी त्या जोडीवर निदान ८० किलोमीटर चालणं झालेलं असावं. मुलांनी प्रेमाने प्रस्थानाच्या आदल्या दिवशी आणून दिलेले नवे बूट घरीच ठेवा. नखं चार दिवस आधी सरळ रेषेत कापा.

फोड आला तर?

फोड येण्याआधी त्या जागी चटका बसल्यासारखं वाटतं. तेव्हाच थांबून कागदी चिकटपट्टी लावली तर फोड येत नाही. पण दिंडी पुढे जाईल म्हणून लोक थांबत नाहीत, सगळं तिथेच बिघडतं. रोज सकाळी टाचेला आणि बोटांच्या मधे व्हॅसलीनचा हात फिरवा.

लहान फोड तसाच राहू द्या. मोठा, ताणलेला आणि दुखरा असेल तर साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा. वरची कातडी अजिबात ओढू नका, तीच खरी पट्टी. मधुमेह असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे स्वतः करू नये, वाटेवरच्या वैद्यकीय मदत केंद्रात जावं.

जांघा आणि काखा घासून सोलवटणं हा दुसरा त्रास, लाजेपोटी कुणी बोलत नाही. घामाने भिजलेलं आतलं कापड दुपारच्या विसाव्याला बदला आणि व्हॅसलीन तिथेही लावा.

दिंडी कशी निवडायची? दिंडीशिवाय गेलं तर?

पहिल्या वेळी, या वयात, दिंडीशिवाय जाऊ नका. मुक्काम, जेवण आणि सामान या तिन्हींची सोय दिंडीत होते. शिवाय आपण दिसलो नाही तर कुणाच्या तरी ते लक्षात येतं.

वर्गणी भरण्याआधी दिंडीप्रमुखांना विचारा: दिंडीचा क्रमांक काय, पालखीच्या रथापुढे की रथामागे? एका राहुटीत किती जण? बायकांची राहुटी वेगळी का? आंघोळीला आडोसा आणि पाण्याचा टँकर आहे का? थकलेल्यांना बसायला गाडी आहे का आणि ती कुठल्या वेळी कुठे भेटते? परतीची सोय वर्गणीत धरली आहे का? शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी दिंडी बघा. दिंडीचे नियमही समजून घ्या. माळ, व्यसन, हरिपाठाला हजेरी याबाबत प्रत्येक फडाची, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरेची, शिस्त वेगळी असते.

सामान किती आणि कसं?

ट्रकमध्ये १० किलोच्या आत एकच बॅग. पहाटे तंबू उतरतो तेव्हा बॅग ट्रकपर्यंत तुम्हालाच न्यायची असते, तीही चिखलातून. आतले कपडे वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधा. बॅगेवर नाव आणि दिंडी क्रमांक ठळक अक्षरांत, आणि एक भडक रंगाची चिंधी. अंधारात शंभर काळ्या बॅगांत आपली तीच सापडते.

खांद्यावर दोन-अडीच किलोपेक्षा जास्त नको: लिटरभर पाणी, त्या दिवसाच्या गोळ्या, ओआरएसच्या दोन पुड्या, मोज्यांचा जोड, छोटा टॉवेल, चिकटपट्टी, मूठभर शेंगदाणे-गूळ, अंगभर पुरेल असा प्लास्टिकचा कागद. गर्दीत छत्रीपेक्षा हा कागद किंवा डोक्यावरून घालायचा रेनकोट बरा. छत्रीची काडी मागच्याच्या डोळ्याशी येते.

दागिने घरी. पैसे दोन ठिकाणी ठेवा आणि सुट्टे घ्या, कारण गर्दीत नेटवर्क गेलं की मोबाइलने पैसे देता येत नाहीत.

हरवलो तर?

पहिल्या वारीत एकदा तरी चुकामूक होते असं धरूनच चला. गळ्यात प्लास्टिकमध्ये घातलेलं कार्ड हवं: नाव, गाव, घरच्यांचे दोन फोन क्रमांक, दिंडीप्रमुखांचा फोन, दिंडी क्रमांक आणि रथापुढे की मागे, आजार, चालू औषधं. नुसता क्रमांक पुरत नाही, कारण तोच क्रमांक रथापुढेही असतो आणि रथामागेही.

चुकामूक झाली तर उलट्या दिशेने शोधत फिरू नका. रस्त्याच्या कडेला उभे राहा, जाणाऱ्या दिंड्यांच्या पाट्या वाचा. आपली पुढे गेली असं कळलं तर सोहळ्याबरोबरच पुढचा विसावा किंवा मुक्काम गाठा. त्यासाठी रोज सकाळी आजचा मुक्काम कुठल्या गावी आणि आपला तंबू तळाच्या कुठल्या बाजूला, हे विचारून कार्डामागे लिहा. फोन लागत नसेल तर साधा मेसेज करा, तो बरेचदा जातो. घरच्यांशी बोलण्याची एक वेळ ठरवा. दिवसभर फोन लागला नाही म्हणून मुलांनी घाबरून जाऊ नये.

वाटेत सगळे खायला देतात. काय खावं?

खरं तर काय नको म्हणावं, हा प्रश्न आहे. केळी, लाडू, चहा, वडे, खिचडी, पुन्हा चहा. पुढ्यात आलेला प्रसाद नाकारणं जिवावर येतं. हातात घ्या, कपाळाला लावा आणि मागच्या पोराला द्या. पोट बिघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कापून ठेवलेली फळं, बर्फ घातलेलं सरबत आणि दुपारी उरलेलं संध्याकाळी खाणं. गरम आणि समोर शिजलेलं खावं.

वयानुसार तहान कमी लागते, म्हणून तहानेची वाट न बघता दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्या. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. नुसतं पाणी पीत राहिल्यानेही अंगातलं मीठ उतरतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. मधूनमधून ताक किंवा ओआरएस घ्या. ओआरएसची लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच कालवायची, पेल्यात अर्धी-पाव नाही, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. बायका शौचालयाच्या धास्तीने पाणी टाळतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते. त्यापेक्षा दिसेल त्या फिरत्या शौचालयात जाऊन यावं, गरज वाटण्याची वाट बघू नये.

सगळ्यात अवघड दिवस कोणता?

पुणे ते सासवड. टप्पा ३० किलोमीटरच्या आसपास आणि वर दिवे घाटाचा चढ. त्यात भर म्हणजे ज्येष्ठ वद्य एकादशी बहुधा त्याच दिवशी येते, म्हणजे सगळ्यात लांब टप्पा उपासाचा. साबुदाण्याच्या खिचडीने साखर आधी चढते आणि घाटात उतरते. गोळ्या घेणाऱ्यांनी दाणे, राजगिरा, दही-ताक, वरई, बटाटा असं दर दोन तासांनी थोडं थोडं खावं. निर्जळी किंवा निरंकार उपास त्या दिवशी नको.

घाटात सावकाश, कडेने चाला आणि बोलता येईल इतपतच वेग ठेवा. आणि स्पष्टच सांगायचं तर, पहिल्या वर्षी घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडीने जाऊन फक्त घाट चढलात किंवा अख्खा टप्पा गाडीने केलात तरी वारी मोडत नाही. हट्टाने घाट केलेले काही जण सासवडच्या मुक्कामातून घरी परततात. गाडीत बसलेले वाखरीला, म्हणजे पंढरपूरच्या आधीच्या शेवटच्या मुक्कामाला, पोचतात.

रिंगण बघायचं आहे. गर्दीची भीती वाटते.

लोणंदच्या पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, पुढे माळशिरसच्या बाजूला गोल रिंगणं. अश्व धावून गेल्यावर टापांखालची माती घ्यायला लोक एकदम आत घुसतात, चेंगरायला होतं ते त्या क्षणी. कडेला, मागे मोकळी जागा राहील असं उभं राहा आणि माती दुसऱ्याकडून मागून घ्या. पालखी थांबली की पादुकांच्या दर्शनालाही अशीच रेटारेटी होते. रथाच्या चाकांपासून लांब राहावं.

रात्री काय सांभाळायचं?

तंबूचे दोर. रात्री लघवीला उठलेला माणूस दोराला अडखळून पडतो आणि मनगट किंवा खुबा मोडतो. आपल्या तंबूच्या दोरांना पांढऱ्या चिंध्या बांधा, डोक्याला बांधायची बॅटरी उशाशी ठेवा, झोपायला दाराजवळची जागा मागून घ्या. उठल्यावर मिनिटभर बसा, मग उभे राहा. सकाळी चपला झटकून घाला, पावसात विंचू आसरा शोधतात.

दुखण्यावर कोणती गोळी?

पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर. लिव्हरचा त्रास असेल तर आधी विचारून. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या शेजारचा माउली आपुलकीने देतो, पण बीपीच्या गोळ्या, कमी पाणी आणि ही गोळी असं एकत्र आलं की किडनीला इजा होते. संध्याकाळी पाय अर्धा तास बॅगेवर उंच ठेवले तर सूज उतरते. पोटऱ्या चोळून देणारे वाटेवर भेटतात. हलक्या हाताने चोळलं तर चालतं, गुडघा मोडून घेऊ नका.

कधी थांबायचंच?

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, बसूनही न थांबणारा दम. बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं. उन्हात अंग तापून असंबद्ध बोलणं. यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन किंवा जवळच्या रुग्णवाहिकेकडे. ऊन लागलेल्या माणसाला तोवर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता. ताप, जुलाबात रक्त, किंवा पायाची जखम लाल होऊन लाली वर सरकणं, यासाठी त्याच दिवशी डॉक्टर.

पूर्ण वारी नको वाटते. थोडीच केली तर?

हा शहाणपणाचा बेत आहे. आळंदी-पुणे एक दिवस करून बघणारे पुष्कळ असतात, पण त्यात मुक्कामाचा अनुभव मिळत नाही. लोणंद ते फलटण किंवा वेळापूर ते वाखरी असे तीन-चार दिवस केले तर चालणं, तंबू, रिंगण सगळं कळतं. पुढच्या वर्षी पूर्ण वारी करायची की नाही हे मग तुम्हीच ठरवाल.

पंढरपुरात पोचल्यावर?

पददर्शनाची रांग एकादशीला कित्येक तासांची असते. १८ दिवस चाललेल्या पायांनी रात्रभर त्या रांगेत उभं राहण्यापेक्षा नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन घ्यावं. पददर्शनाला गर्दी ओसरल्यावर एखाद्या साध्या दिवशी यावं. चंद्रभागेत वाळूचे खड्डे असतात, घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नका, लोटीने डोक्यावर पाणी घ्या.

परतीला एसटीत ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट आणि बायकांना कुठल्याही वयात अर्धं. वयाची सवलत घेताना आधार कार्ड जवळ हवं. बसमध्ये दर तासाला घोटे फिरवा, थांब्यावर उतरून चार पावलं टाका. घरी आल्यावर आठवडाभर थोडं थोडं चालत राहा, एकदम अंथरूण धरू नका. दोन्ही पाय सुजले तर ती चालण्याची सूज, चार-पाच दिवसांत उतरते. एकच पोटरी सुजून गरम लागली आणि दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती पोटरी चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.